मागच्या दाराला आतून हँडल नसतं

४ मार्च

पोचलो एकदाचा! गाव नवं, खोली नवी, गादीसुद्धा नवी. जुना काय तो मीच. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना दोनदा विचारलं, एकटेच का, आणि मी दोनदा सांगितलं, एकटाच बरा. खिडकीसमोर झाड आहे, नळाला गरम पाणी येतं, वर्कशॉप चालत जाण्याइतकं जवळ. माणसाला आणखी काय लागतं? आज मी खूश आहे. मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे कोणाचा विश्वास बसला नाही तर पुरावा असावा.

आरसा मात्र बाईंनी भलामोठा दिलाय. दाढी करायला उभा राहिलो तर समोर बाबाच. बाबा गेले त्या वयाला मी यंदा पोचलो, त्यामुळे आता फरक शोधायचा तर भिंग लागेल. नाक तेच, टक्कल तेच, कपाळावरची आठीही तीच. त्यांचा स्वभाव गोड होता, तेवढा माझ्याकडे यायचा राहिला.

काम असं आहे. पोलिसांच्या जुन्या शेडचं संग्रहालय होतंय. तिथे मांडायला त्यांची एक निवृत्त गाडी, नोकरीत असताना जशी होती तशी, करून द्यायची. नुसती चकाचक नव्हे. चकाचक काय, कोणीही करतं. मागाहून जे आलं ते काढायचं, तेव्हा जे होतं ते परत आणायचं, मग ते सोयीचं असो वा नसो. गाडीला तिच्या काळात नेऊन सोडायचं, हा माझा धंदा. आईला फोनवर जुनी सरकारी गाडी एवढंच सांगितलं. पोलीस हा शब्द कानावर पडला की तिला दिवसभर अन्न गोड लागत नाही.

६ मार्च

गाडी बघितली. अरेरे! निवृत्तीनंतर बिचारीचे काय हाल केलेत लोकांनी. एकाने टॅक्सी केली, एकाने तिच्यातून कोंबड्या वाहिल्या, आणि शेवटच्या महाभागाने तिला गुलाबी रंग फासला. म्हातारपणी गुलाबी! पण हाडं शाबूत आहेत. पत्रा जाड, दारं चारही मूळची, बिजागऱ्या अजून घट्ट. खरं सांगतो, हात फिरवता फिरवता प्रेमात पडलो.

ज्यांनी मला बोलावलं ते साहेब म्हणजे निवृत्त अधिकारी, संग्रहालयाचे सर्वेसर्वा. उंच, स्वच्छ, बसतानाही इस्त्रीची घडी सांभाळणारे. बोलणं साखरेत घोळलेलं, आणि मला साखर सोसत नाही. जाताना त्यांनी गाडीच्या टपावर अंगठीने दोनदा टकटक केलं. त्यांची नोकरीतली सवय आहे म्हणे: मागे माणूस कोंबला, दार लावलं, की टपावर दोनदा टकटक, म्हणजे ड्रायव्हरने निघायचं.

ही माहिती दिली इथल्या रंगाऱ्याने. म्हातारा दिवसभर बोलतो, पण हात बोलण्यापेक्षा जलद चालतो, म्हणून माफ. म्हणाला, गाडी अशी हुबेहूब करा की चोर बघून आपण होऊन आत बसला पाहिजे. मी म्हटलं, माझ्या हाताखालून गेलेली गाडी आहे, चोर काय, साहेबच आत जाऊन बसतील. दोघंही पोट धरून हसलो.

११ मार्च

आज मागची दारं. पोलिसांच्या गाडीत मागच्या दाराला आतून हँडल नसतं, काच खाली करायची दांडीही नसते. नाहीतर धरलेला माणूस पहिल्याच वळणावर उतरून घरी जाईल. टॅक्सीवाल्याने बाजारातली हँडलं आणून बसवली होती. काढली. भोकं बुजवली, काचा मूळच्यासारख्या गच्च केल्या, पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये जाळी ठोकली. रंगारी कुरकुरला की एक तरी हँडल राहू द्या, कोणाचं पोर खेळता खेळता अडकलं म्हणजे? मी त्याला सुनावलं की मूळ म्हणजे मूळ, त्यात दयामाया नाही. खरंच असं बोललो. मग आत बसून काम करताना दार मिटू नये म्हणून एक लाकडी ठोकळा कापला आणि फटीत लावला. तो ठोकळा आता माझा जीव की प्राण.

साहेबांनी दार आतून उघडून बघायचा प्रयत्न केला, उघडलं नाही. खूश झाले.

१५ मार्च

आज दादाचा वाढदिवस. आईला फोन केला. दोघंही दुसऱ्याच विषयांवर बोललो, दरवर्षीसारखे.

एकदा लिहून टाकतो. मी सहा वर्षांचा होतो आणि दादा नुकताच कॉलेजात जायला लागला होता. डोळे इतके अधू की चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसायचं नाही. चष्म्याची एक काडी मोडली होती, ती आईने निळ्या दोऱ्याने बांधून दिली होती. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. भर दुपारी दादा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे निघाला. आई खिडकीत उभी, मी तिला धरून. कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी हळूहळू चालली होती. कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माझा भाऊ एकदम “बाबा!” असं ओरडला आणि आपण होऊन त्या गाडीकडे धावत सुटला. मागच्या काचेला जाऊन चिकटला. पुढून दोघं उतरले, त्याला आत ढकललं, आणि गाडी गेली. डिकीवर आकडा होता, सतरा.

आई त्याच संध्याकाळी चौकीत गेली. सांगण्यात आलं की असा कोणी मुलगा आणलेलाच नाही, आणि सतरा नंबरची गाडी तर आमच्याकडे मुळात नाहीच. सोळा आहे, अठरा आहे, सतरा नाही. त्यानंतर किती काउंटर, किती बाकडी, किती साहेब! सगळ्यांनी एकच सांगितलं आणि शेवटी एकाने वर असंही ऐकवलं की बाई, नवरा गेल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आई आज थकलीये, पण तिला एकच माहीत करून घ्यायचंय. त्यांनी का नेला हे नाही, नेणारे नेतात. माझा शहाणा मुलगा त्या गाडीकडे धावला का?

मला त्या दिवसाचं एकच आठवतं. गाडीच्या मागच्या काचेत आतून लावलेलं काहीतरी पांढरं, चौकोनी. आई म्हणते, ऊन चमकलं असेल.

२२ मार्च

रंग खरवडतोय. गुलाबीखाली पांढरा, पांढऱ्याखाली टॅक्सीचा पिवळा, त्याखाली एकदाचा पोलिसांचा निळा लागला. डिकीवर आलो तेव्हा पाणी मारून अगदी हलक्या हाताने घासत होतो, कारण साहेबांनी सांगितलं होतं की एकवीस हा आकडा सापडेल.

सतरा.

एक उभा, एक सात. मी हातातला घासायचा कागद खाली ठेवला आणि तिथेच फरशीवर बसलो. रंगाऱ्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला.

नाहीये ना सतरा? मुळात नाहीच ना? मग ही काय माझ्या बापाची आहे?

२३ मार्च

साहेबांना दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. म्हणाले, जुन्या रंगाच्या डागांवर फार विसंबू नये, आपण एकवीसच घालू, लोकांना काय कळतंय. मी म्हटलं, मूळ म्हणजे मूळ. नाहीतर दुसरा माणूस बघा, हे घ्या पान्हे. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले की तुमचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. मग म्हणाले, ठीक आहे, तुमच्या मनासारखं करा, अगदी होती तशी करा.

इतक्या लवकर मान्य केलं की माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता माझं ठरलं. गाडी पूर्ण करीन. उद्घाटनाला चार लोकांसमोर, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, डिकीवर सतरा आकडा असेल आणि त्याच्यासमोर माझी आई उभी असेल. मग सांगू देत तिला तोंडावर, की अशी गाडी नाहीच म्हणून.

२८ मार्च

मागची सीट उसवली. स्प्रिंगांच्या खाली, पत्र्याच्या खाचेत, चष्मा. काचा नाहीत. एक काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली.

दोऱ्याची गाठ आईची आहे. ती गाठ मारते आणि वर पुन्हा एक मारते.

मी मोठ्याने रडलो. मला लाज नाही वाटत सांगायला. रंगारी बाहेर जाऊन उभा राहिला आणि कोणाला आत येऊ दिलं नाही. चष्मा माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

२९ मार्च

पेटीचं कुलूप जागच्या जागी. चष्मा पेटीत नाही. सीटखाली त्याच खाचेत आहे. रंगाऱ्याला विचारलं, तो उलट माझ्यावर उखडला. पुन्हा पेटीत ठेवला.

३० मार्च

पुन्हा खाचेत.

२ एप्रिल

मागच्या डाव्या दाराला एक पोचा होता. गाडीला पोचा पडतो तो बाहेरून आत. हा आतून बाहेर आलेला आहे, खालच्या बाजूला, टाचेएवढा. आतून कोणी लाथा मारल्याशिवाय पत्रा असा फुगत नाही. मी काल तो ठोकून सपाट केला, वरून लांबीची पुट्टी भरली, घासून आरशासारखा केला. आज सकाळी पोचा जसाच्या तसा. रंग तडकलेला नाही, लांबी निघालेली नाही. मी काही केलंच नव्हतं असं.

तरी मी हेकट. पुन्हा ठोकला. जेवून आलो तोवर पुन्हा फुगला.

मग लक्षात आलं. मी मूळचं म्हणून जे बसवतो ते राहतं. जाळी राहिली, रेक्झिन राहिलं, निळा रंग राहिला. नोकरीत असताना जे होतं त्यातलं काही काढलं की ते परत येतं. माझाच नियम माझ्यावर चालवतेय ही बया.

५ एप्रिल

रंगारी गेला. डब्बे, ब्रश सगळं टाकून. सांगत होता की टपाला शेवटचा हात मारताना आत बसलेलं कोणीतरी खालून नखं घासत होतं. मी त्याला वेड्यात काढलं नाही. तो दारातून म्हणाला, तुम्हीही निघा, आईला नुसता फोटो दाखवा. फोटो कालच काढला होता. फोटोत डिकी कोरी येते.

म्हणून गाडीच दाखवावी लागणार. डोळ्यांनी.

९ एप्रिल

वायरलेसचं खोकं बसवलं. आत काही नाही, मांडायला नुसतं खोकं. दुपारी त्यातून खरखर आली. मग एक कंटाळलेला आवाज. सतरा, सतरा, कुठे आहात.

मी वायर शोधली. वायरच नाही.

नवीन शिवलेल्या सीटवर डाव्या बाजूला खळगा पडलाय. कोणी बसलेलं उठलं की पडतो तसा. उजवी बाजू सपाट आहे.

११ एप्रिल

आईला सगळं सांगितलं. पोलिसांची गाडी, सतरा, चष्मा. वाटलं होतं कोसळेल. इतकी शांत कधी नव्हती. म्हणाली, येते. आई माझ्या बहिणीकडे, ताईकडे असते; ताई तिला घेऊन उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोचेल. मग आई म्हणाली, तुझा आवाजही आता तुझ्या बाबांसारखा झालाय रे.

रात्रभर आरसा टॉवेलने झाकून ठेवला. का ते माहीत नाही.

१४ एप्रिल

इंजिन अजून दुरुस्तीला टर्नरकडे आहे. उद्घाटनानंतर बसवू, असं साहेब म्हणाले. बॉनेट उघडलं की खालची फरशी दिसते. तरी सकाळी आलो तेव्हा बॉनेट गरम होतं. टायरच्या खाचांत ओली माती. शेडला बाहेरून कुलूप होतं, ते मीच उघडलं.

काय करू? सोडून जाऊ? आईने आयुष्यभर काउंटर सोडले नाहीत, आणि मी एका पत्र्याच्या डब्याला भिऊन पळू?

भ्यायलोय मात्र. पाचावर धारण बसलीये.

१५ एप्रिल

साहेब आले. गाडीभोवती फिरले. आता फक्त एकच कमी आहे, म्हणाले. काय, ते विचारलं. हसले.

टकटक केलं नाही.

१६ एप्रिल, दुपार

आई संध्याकाळी येणार. ठरवलं होतं की चष्मा परत जागेवर गेला तरी तिच्या हाताला तो लागला पाहिजे, आधी काढून मुठीत धरून बसू, मूठ उघडायचीच नाही. म्हणून आत शिरलो. ठोकळा लावून. शपथेवर सांगतो, ठोकळा लावला होता.

चष्मा हातात आला आणि दार मिटलं.

काचेबाहेर साहेब. हातात माझा ठोकळा. चेहरा तरुण — केस काळे — टोपी —

टपावर दोनदा टकटक.

—

हँडल नाही. दांडी नाही. भोकं मीच बुजवली. जाळी मीच ठोकली, आणि माझं काम कच्चं नसतं. लाथा मारतोय डाव्या दाराला. पोचा — तो पोचा माझ्याच टाचेचा आहे. बरोब्बर बसते टाच.

बॉनेटखाली इंजिन नाही आणि इंजिन चाललंय.

—

शेड गेली. रस्ता. पुढे दोन माना, जाळीपलीकडे. वळत नाहीत. हाका मारून घसा बसला. वायरलेसवर तोच आवाज. सतरा. त्यांनी उत्तर दिलं.

ही वही खिशात होती म्हणून लिहितोय. दुसरं करू काय. ताई, हे मिळालं तर — आईला पुन्हा काउंटरवर उभं करू नकोस. ते म्हणतील असा कोणी माणूस नाहीच —

—

हे वळण ओळखीचं आहे.

झाडं लहान आहेत. पाण्याची टाकी अजून बांधतायत. पुढे शिंप्याचं दुकान. आमची गल्ली — आमचा कोपरा —

वर खिडकीत आई. काळे केस. केवढी तरुण. तिला धरून एक पोरगं उभं आहे, माझ्याकडेच बघतंय —

—

दादा.

चाललाय. खाली बघत. निळा दोरा. माझ्या मुठीत तोच चष्मा आणि त्याच्या नाकावरही तोच —

काच बडवतोय. दादा, मागे फिर. इकडे बघू नकोस —

बघितलं. थांबला. तोंड उघडं. ओठ — बाबा —

नाही नाही नाही

पान फाडलं. मोठ्या अक्षरात “पळ” लिहिलं, काचेला लावलं — त्याला दिसत नाही लांबून — वाचायला जवळ येतोय — पांढरं, चौकोनी — अरे देवा — धावतोय, हसतोय, रडतोय — पुढची दारं उघडली — दादा, येऊ नकोस, मी बाबा नाही रे, मी तुझा —